पत्रकाच्या तळाशी

आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत अण्णांचा छापखाना होता. एक पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या लाकडी केसेस, भिंतीला टेकवलेली कागदाची रिमं आणि सगळ्या घराला चिकटलेला शाई-रॉकेलचा वास. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका असं काम वर्षभर चालायचं. निवडणूक लागली की मात्र दिवाळीपेक्षा जास्त गर्दी व्हायची. पक्ष कोणताही असो, अण्णा सगळ्यांची पत्रकं छापायचे. मजकुरात ते कधी नाक खुपसत नसत. पण मजकूर जुळवून झाला की जुळाऱ्याच्या हातातून खिळे जुळवायची स्टिक घेऊन स्वतः एक ओळ जुळवायचे, सगळ्यात बारीक टाइपात. मुद्रकाचं नाव-पत्ता, प्रकाशकाचं नाव-पत्ता. ती ओळ फर्म्याच्या तळाशी बसवून दोऱ्याने आवळली की मगच फर्मा मशीनवर चढायचा.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ अ, १९६१ साली घातलेलं. निवडणुकीचं कोणतंही पत्रक मुद्रक आणि प्रकाशकाच्या नावाशिवाय छापायचं नाही. प्रकाशकाने आपली ओळख सांगणारं निवेदन दोन प्रतींत द्यायचं, त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांनी त्यावर सह्या करायच्या, आणि छापून झाल्यावर एक प्रत पत्रकासह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. मोडलं तर सहा महिने कैद किंवा दोन हजार दंड, किंवा दोन्ही. अण्णांना हे कलम पाठ होतं. त्या निवेदनांची एक फाइल टेबलाच्या खणात असायची आणि तिच्यावर मी शाईच्या बोटांचे ठसे उमटवले म्हणून खाल्लेली चापट मला अजून आठवते.

ही ओळ मला इतकी वर्षं नुसती छापखान्याची रीत वाटत होती. १४ मार्च २०२४ च्या रात्री मी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरच्या दोन याद्या उघडून बसलो आणि तेव्हा ती ओळ माझ्यापुढे पुन्हा आली.

निवडणूक रोख्यांच्या त्या याद्या, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बाहेर आलेल्या. रोखा म्हणजे बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायचा आणि पक्षाने वटवायचा कागद, देणाऱ्याचं नाव जाहीर न करता. एकीत रोखे विकत घेणाऱ्यांची नावं, ३३७ पानं. दुसरीत रोखे वटवणाऱ्या पक्षांची नावं, ४२६ पानं. मध्ये दुवा काहीच नाही. अमुक कंपनीने अमुक तारखेला एक कोटीचे इतके रोखे घेतले, तमुक पक्षाने तमुक तारखेला इतके वटवले, एवढंच. कुणाचा पैसा कुणाकडे गेला हे त्या ७६३ पानांतून कळत नव्हतं. न्यायालयाने पुन्हा बडगा उगारला तेव्हा आठवड्याभराने रोख्यांचे क्रमांक बाहेर आले आणि जोड्या जुळवता आल्या. त्या रात्री मी एकाच कंपनीच्या नावाच्या सलग ओळी खाली सरकवत होतो. तीच तारीख, तेच नाव, तोच एक कोटीचा आकडा, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. बोट दुखायला लागलं तरी नाव बदलेना.

मग जाणवलं की मी वाचत होतो त्यातलं एकही अक्षर माझ्यासाठी लिहिलेलं नव्हतं. अण्णांच्या मशीनवरून निघालेलं पत्रक, मग ते कितीही भडक असो, खोटं असो, ते मतदारासाठी असायचं. कुणीतरी काहीतरी म्हणत होतं आणि कुणीतरी ऐकत होतं. इथे पैसा दिला गेला, घेतला गेला, आणि ज्याच्या मतासाठी हे सगळं चाललं होतं त्याला कळू नये अशी कायद्याने सोय केलेली होती. आणि हे जे चाललं होतं त्याचं समर्थन करताना कुणीकुणी शब्द वापरत होतं ते अभिव्यक्तीचे.

हा वाद जुना आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या मुंबईत झाली याचं मला अजूनही नवल वाटतं. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनी आपल्या घटनापत्रकात बदल करून घ्यायला मुंबई उच्च न्यायालयात आली. राजकीय पक्षांना देणगी देता यावी असं कलम तिला घालायचं होतं, आणि एका भागधारकाचा त्याला विरोध होता. कंपनीचं म्हणणं सरळ होतं. आमचा धंदा सरकारच्या औद्योगिक धोरणावर अवलंबून आहे, तेव्हा ज्या पक्षाचं धोरण आम्हाला पोषक, त्याला बळ देणं हे धंद्याच्याच हिताचं आहे. मुख्य न्यायमूर्ती होते एम. सी. छागला. कायद्यात मनाई नव्हती, म्हणून त्यांनी परवानगी दिली. पण परवानगी देता देता त्यांनी संसदेला हाक मारली. कंपन्यांना पक्षनिधीत पैसे घालू देण्यात मोठा धोका आहे, तो झपाट्याने वाढेल आणि शेवटी या देशातल्या लोकशाहीचा गळा घोटेल, असं त्यांनी निकालपत्रात लिहून ठेवलं. प्रजासत्ताकाला तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. त्याच वर्षी कलकत्ता उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. मुखर्जींनीही दुसऱ्या एका पोलाद कंपनीच्या अर्जावर जवळजवळ हेच बोलून दाखवलं.

संसदेने ऐकलं, पण आपल्या सोयीने. १९६० मध्ये कंपनी कायद्यात मर्यादा आली: पंचवीस हजार रुपये किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या पाच टक्के, यातलं जे जास्त असेल ते, आणि नफा-तोटा पत्रकात उल्लेख करायचा. १९६९ मध्ये बंदीच आली. बंदी आली पण निवडणुकीचा खर्च काही कमी झाला नाही, आणि त्याला दुसरी वाटही काढून दिली नाही. पैसा धनादेशातून निघून सुटकेसमध्ये गेला. सोळा वर्षं असं चाललं. १९८५ मध्ये बंदी उठली, पुन्हा पाच टक्क्यांची मर्यादा आली. २०१३ च्या कायद्यात ती साडेसात टक्के झाली, आणि कोणत्या पक्षाला किती दिले ते नावासकट लिहिणं कंपनीवर बंधनकारक होतं. मग २०१७ चा वित्त कायदा आला. त्याने साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली आणि पक्षाचं नाव लिहिण्याची सक्तीही काढली. पुढच्या वर्षी २ जानेवारीला रोख्यांची योजना अधिसूचित झाली. तोट्यातली कंपनी कितीही देऊ शकत होती. नावापुरती काढलेली कंपनीही देऊ शकत होती. रिझर्व्ह बँकेने आधीच हरकत घेतली होती, निवडणूक आयोगाने सरकारला पत्र लिहून हे मागे नेणारं पाऊल आहे असं कळवलं होतं.

या सगळ्यात कंपनीच्या बाजूने बोलण्यासारखं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. मी छापखान्यात वाढलो. सरकारने कुणाला किती आणि कसं बोलायचं ते ठरवावं, ही गोष्ट ऐकली की माझ्या पोटात अजून गोळा येतो. आणि त्याचं कारणही महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात आहे.

पुण्याचा ‘सकाळ’. १९६० मध्ये केंद्र सरकारने हुकूम काढला की दैनिकाने किती पानं दिली तर किंमत किती घ्यायची ते सरकार ठरवेल. हेतू चांगला सांगितला होता: मोठ्या वृत्तपत्रांनी स्वस्तात जास्त पानं देऊन छोट्यांना मारू नये. ‘सकाळ’ची किंमत होती सात नवे पैसे. त्याच किमतीत द्यायचं तर पानं कमी करायला हवीत, तेवढीच पानं द्यायची तर एक पैसा वाढवायला हवा. एका पैशाचा प्रश्न. सरकार म्हणालं, आम्ही विचार दाबत नाही, फक्त धंद्याचं नियमन करतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ते फेटाळलं. किंमत वाढली की वाचक कमी होतात, पानं कमी झाली की मजकूर कमी होतो, दोन्हीकडून अभिव्यक्तीच कापली जाते, आणि धंद्यावर बंधन घालण्याच्या नावाखाली ते करता येणार नाही. निकाल लिहिला होता न्यायमूर्ती जे. आर. मुधोळकरांनी.

‘सकाळ’ ही कंपनीच होती. कागद, शाई, मशीन, पगार, वितरण, या सगळ्याला पैसा लागतो, आणि पैशावर हात ठेवला की आवाज बंद होतो. तेव्हा ‘पैसा म्हणजे बोलणं नव्हे’ असं ठोकून देणाऱ्या माणसाला मी अण्णांच्या कागदवाल्याची उधारी दाखवली असती. कागद नाही तर पत्रक नाही.

पण त्या खटल्यातली एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. न्यायालयात फक्त कंपनी आणि तिचे भागधारक गेले नव्हते, ‘सकाळ’चे दोन वाचकही गेले होते. आम्हाला जे वाचायचं आहे ते आम्हाला मिळालं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. अभिव्यक्तीला ऐकणारा असतो हे त्या दोन वाचकांनी दाखवून दिलं. कंपनी आमच्या घटनेत नागरिक नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये तसं सांगितलं, आणि कलम १९ चं अभिव्यक्तिस्वातंत्र्य नागरिकाला आहे. मग वृत्तपत्रं चालवणाऱ्या कंपन्यांना संरक्षण मिळतं ते कुणामुळे? लिहिणाऱ्या, चालवणाऱ्या आणि वाचणाऱ्या माणसांमुळे. २००२ मध्ये उमेदवाराची गुन्हेगारी आणि मालमत्तेची माहिती मिळवण्याचा मतदाराचा हक्क न्यायालयाने मान्य केला तोही याच कलमातून. वाचकाचा हक्क आणि मतदाराचा हक्क हे एकाच मुळातून फुटले आहेत.

आता या मोजपट्टीने रोखा मोजून पाहा. त्याला वाचक नाही. त्याला ऐकणारा एकच, देणगी घेणारा पक्ष. बाकी कुणाला ऐकू जाऊ नये अशीच त्याची रचना. एखादी कंपनी उद्या वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन म्हणाली की अमुक करधोरण देशाचं नुकसान करील, खाली आपलं नाव, पत्ता, अध्यक्षाची सही, तर मी तिच्या बाजूने उभा राहीन. मला ते पटो न पटो. मी ते वाचीन, तिचा स्वार्थ त्यात कुठे आहे ते शोधीन, आणि मत ठरवीन. पक्षाच्या खात्यात शांतपणे जमा झालेल्या शंभर कोटींबद्दल मी काय वाचू?

अमेरिकेत हा प्रश्न फार पुढे गेला आहे. तिथे १९७६ पासून न्यायालय राजकीय खर्चाला अभिव्यक्तीचा भाग मानत आलं, आणि २०१० मध्ये सिटिझन्स युनायटेड खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की उमेदवारापासून स्वतंत्रपणे केलेल्या प्रचारखर्चावर कंपन्यांना बंदी घालता येणार नाही. आपल्याकडे हा निकाल नेहमी इतकाच सांगितला जातो. त्याचा दुसरा भाग फारसं कुणी सांगत नाही. खर्च कुणी केला ते जाहीर करायला लावणं घटनेत बसतं का, यावर त्याच न्यायालयात आठ विरुद्ध एक असं मतदान झालं, आणि आठ जण म्हणाले, बसतं. म्हणजे कंपनीला मोकळेपणी बोलू द्या म्हणणाऱ्यांपैकी चौघांनीसुद्धा तळाची ओळ मागितलीच. शिवाय तिथेही थेट उमेदवाराला देणगी द्यायला कंपनीला मनाई आहे, १९०७ पासून. आपल्या २०१७ च्या कायद्याने अमेरिकेच्याही पलीकडे उडी मारली होती.

आता मला अण्णांच्या त्या दोन पत्रकांबद्दल सांगायला हवं. कारण त्यांच्यामुळेच हा विषय मला सोपा वाटत नाही.

पहिलं १९७६ मधलं. मी आठ वर्षांचा होतो. एका रात्री मशीनच्या आवाजाने जाग आली. ट्रेडलचा आवाज मला झोपेतही ओळखू यायचा, खट, मग फिस्स, मग खट. पण रात्री अण्णा कधी मशीन चालवत नसत. उठून पाहिलं तर पुढच्या खोलीच्या खिडकीवर आईने गोधडी टांगली होती, कंदिलाची वात अगदी कमी केलेली, जुळाऱ्याला बोलावलेलं नव्हतं. आमच्या शाळेतले एक मास्तर स्टुलावर बसून छापलेला एकेक कागद वाळत घालत होते. मला आईने परत झोपवलं आणि सकाळी सांगितलं, तुला स्वप्न पडलं. आणीबाणी होती, आणि त्या कागदावर कोण कोण पकडले गेले त्यांची नावं होती. हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. त्यातला एक कागद अण्णांनी जपून ठेवला होता. त्याच्या तळाशी काहीच नाही. दोन बोटं कोरी जागा.

दुसरं पत्रक छापलंच गेलं नाही. १९८५ ची विधानसभा. मी सतरा वर्षांचा, सुट्टीच्या दिवशी काउंटरवर बसायचो. भागातल्या एका कारखान्याचा माणूस मजकूर घेऊन आला. उभ्या असलेल्या एका उमेदवाराने म्हणे अमुक जमिनीत घोटाळा केला होता. दहा हजार प्रती हव्या होत्या, दुप्पट दर, पैसे आगाऊ आणि रोख. फक्त तळाला नाव नको. अण्णांनी खणातून निवेदनाचा फॉर्म काढून पुढे ठेवला. तो माणूस हसला नाही की चिडला नाही, समजावणीच्या सुरात म्हणाला, “तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण उद्या हाच माणूस निवडून आला तर आमच्या साहेबांना जगू देणार नाही. परवाने, वीज, सगळं अडवील.”

अण्णांनी लगेच नाही म्हटलं नाही. हे मुद्दाम सांगतो. त्या वर्षी आमची परिस्थिती बेताची होती, बहिणीचं लग्न ठरत होतं. “उद्या सांगतो” म्हणाले, आणि रात्री जेवताना गप्प होते. दुसऱ्या दिवशी मजकुराचा कागद परत केला. तो माणूस गेल्यावर मी विचारलं, मास्तरांचं छापलंत ना बिननावाचं? मग आता काय झालं?

अण्णा हात पुसत होते. म्हणाले, “मास्तरांचं नाव कळलं असतं तर ते तुरुंगात गेले असते. यांचं नाव नाही कळलं, तर यांचे साहेब निकालाच्या दिवशी त्याच माणसाला हार घालायला जातील.”

त्या तळाच्या ओळीचा इतिहास काही सोज्वळ नाही. छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचं नाव असलंच पाहिजे हा नियम मुळात इंग्रजांचा, १८६७ च्या कायद्यातला. दुबळ्याचं नाव सत्तेला कळलं तर त्याचा हात मोडतो. पण बलवानाचं नाव मतदाराला कळलं तर मतदाराच्या हातात काहीतरी येतं. ओळ एकच, पण ती कुणाला दिसते यावर सगळं अवलंबून आहे. रोख्यांच्या समर्थकांनी न्यायालयात मांडलेला सगळ्यात सच्चा मुद्दा हाच होता की देणगीदाराला सूडाची भीती असते. भीती खोटी नव्हती. कारखान्याच्या त्या माणसाच्या डोळ्यांत मी ती पाहिली होती. पण रोख्याने केलं काय? रोखे सरकारी मालकीच्या बँकेतून विकले जायचे आणि त्यांच्यावर अतिनील प्रकाशात दिसणारा छुपा क्रमांक होता. पक्षाला तर कुणी काय दिलं ते देणारा स्वतःच सांगायला मोकळा. म्हणजे ज्याच्या सूडाची भीती, त्याच्यापासून नाव लपण्याची खात्री नाही, आणि ज्याच्यापासून काही धोका नाही त्या मतदारापासून मात्र पक्कं लपलेलं.

रोख्यांची योजना रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा १५ फेब्रुवारी २०२४ चा निकाल मी पुरता वाचला. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड. मला त्यात आवडलं ते हे की त्यांनी गोपनीयतेचा मुद्दा झटकून टाकला नाही. माणसाची राजकीय निष्ठा ही त्याची खाजगी गोष्ट आहे, आणि देणगी हे तिचं एक रूप असू शकतं, हे त्यांनी मान्य केलं. शंभर-पाचशे रुपये देणारा शिक्षक, दुकानदार, त्याचं नाव चव्हाट्यावर आणायची गरज नाही, वीस हजारांची जुनी मर्यादा त्यासाठीच होती. पण कंपनीची देणगी हा निव्वळ धंद्याचा व्यवहार असतो, मोबदल्याच्या अपेक्षेने केलेला, आणि माणसाला व कंपनीला एकाच पारड्यात घालणं हेच समानतेच्या विरुद्ध आहे, असं त्यांनी ठरवलं. हे वाचताना मला टाटा कंपनीचा १९५७ चा युक्तिवाद आठवला. कंपनी तेव्हा स्वतःच म्हणाली होती की हे आम्ही धंद्यासाठी करतोय. मध्ये सदुसष्ट वर्षं गेली आणि न्यायालयाने तिचं म्हणणं खरं मानलं.

दरम्यान साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले होते. त्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक रक्कम एक कोटीच्या रोख्यांत होती. हजार रुपयांचाही रोखा योजनेत होता, सामान्य नागरिकासाठी म्हणून.

एक तुलना मला छळते. दंड संहितेत कलम १७१ ह होतं. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारासाठी कुणी सभा, जाहिरात, पत्रक यावर खर्च केला तर गुन्हा, पाचशे रुपये दंड. दहा रुपयांपर्यंतचा खर्च असेल आणि दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता आणली तर माफ. नव्या न्याय संहितेत तेच कलम १७६ म्हणून आलं, दंड दहा हजार झाला, आणि ते दहा रुपये दहाच राहिले. म्हणजे समजा, एखाद्या निवृत्त बाईंना वाटलं की आपल्या भागातला अमुक उमेदवार चांगला आहे, आणि त्यांनी आपल्या पेन्शनमधून, आपलं नाव-पत्ता घालून, पाचशे पत्रकं छापून वाटली, तर तो गुन्हा. २०१८ ते २०२४ या काळात कंपनी मात्र नाव न सांगता पक्षाला हवे तितके कोटी देऊ शकत होती आणि ते कायदेशीर होतं. अभिव्यक्तीवर बंधन कुठे आहे ते पाहायचं तर मी आधी त्या बाईंकडे पाहीन. त्यांचं ते कलम सैल करावं असं मला मनापासून वाटतं. नाव घालून, ठरावीक रकमेपर्यंत, नागरिकाने आपल्या मनातलं छापलं तर त्याला परवानगी कशाला लागावी?

आणि कंपनीचा पैसा म्हणजे तरी कुणाचा? मी नोकरीत असताना थोडे थोडे करून काही शेअर घेतले. आयुर्विमा महामंडळाची पॉलिसी आहे, आणि महामंडळाचा पैसा देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांत गुंतलेला आहे. म्हणजे माझ्यासारख्या लाखो लोकांचा पैसा त्या कंपन्यांत आहे. आमची मतं एक नाहीत, आम्ही एकमेकांना ओळखतही नाही. कंपनीने पक्षाला दिलं ते आम्हा सगळ्यांच्या वतीने दिलं, पण आम्हाला विचारून नव्हे. संचालक मंडळाचा ठराव पुरतो. ब्रिटनमध्ये कंपनीला ठरावीक रकमेपुढे राजकीय देणगी द्यायची तर आधी भागधारकांची मंजुरी घ्यावी लागते. आपल्याकडे छागलांपुढे उभा राहिलेला तो विरोधक भागधारकच होता, आणि इतक्या वर्षांत त्याची बाजू घेऊन कुणी कायदा केला नाही. अभिव्यक्तीची गोष्ट करायची तर ज्याला पटत नाही त्याच्या तोंडून जबरदस्तीने वदवणं हाही अभिव्यक्तीवरचाच घाला आहे.

कॅनडा, फ्रान्स, ब्राझील या देशांत कंपन्यांच्या देणग्यांना थेट बंदी आहे. मन तिकडे ओढ घेतं. पण १९६९ नंतरची ती सोळा वर्षं आठवली की मी थांबतो. उमेदवाराला लोकसभेसाठी मोठ्या राज्यात ९५ लाखांची मर्यादा आहे, पक्षाला कसलीच मर्यादा नाही. ही दुसरी बाजू उघडी ठेवून पहिली बंद केली तर पैसा भिंतीतून वाट काढतो. रोखे गेल्यावर देणग्या पुन्हा निवडणूक न्यासांकडे, म्हणजे कंपन्यांकडून पैसे घेऊन पक्षांना वाटणाऱ्या संस्थांकडे, वळल्या आहेत. ते निदान आत काय आलं आणि बाहेर काय गेलं हे जाहीर करतात, पण दहा कंपन्यांचे पैसे एका हंड्यात पडले की कुठला पेला कुठून भरला ते सांगता येत नाही. म्हणून मला आधी ओळ हवी. पूर्ण, नावासकट, आणि मतदानाच्या आधी. दीड वर्षाने आलेल्या हिशेबाचा मतदाराला उपयोग काय? मर्यादा हवीच, भागधारकांची मंजुरी हवीच, पण नाव कळल्याशिवाय मर्यादा पाळली की नाही तेही कळत नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये आयोगाने आदेश काढला की रस्त्यावरच्या होर्डिंगवरही मुद्रक-प्रकाशकाचं नाव हवं. आमच्या चौकात त्या निवडणुकीत एक भलंमोठं होर्डिंग लागलं होतं. मी खाली उभा राहून त्याच्या तळाशी नाव शोधलं. बरंच वर होतं, आणि इतकं बारीक की चष्मा पुसूनही वाचता येईना. फोनच्या कॅमेऱ्याने मोठं करून पाहिलं, तर होतं. मुद्रकाचं नाव, पत्ता, प्रकाशकाचं नाव. त्या छापणाऱ्याला मी ओळखत नाही, पण त्याने ओळ घातली होती.

गेल्या महिन्यात मी एका कंपनीला पत्र लिहिलं. तिचे माझ्याकडे चाळीस शेअर आहेत. रोख्यांच्या त्या यादीत तिचं नाव मला दिसलं होतं, आणि त्या वर्षांच्या वार्षिक अहवालात पक्षाचं नाव न घालता नुसती रक्कम होती. मी दोनच गोष्टी विचारल्या: तेव्हापासून आजवर कोणत्या पक्षाला किती दिले ते वार्षिक सभेत सांगाल का, आणि यापुढे देण्याआधी भागधारकांचं मत घ्याल का. पत्र हाताने लिहिलं, कारण अण्णांची सवय. खाली माझं नाव, पूर्ण पत्ता आणि फोलिओ क्रमांक घातला, आणि टपालात टाकण्याआधी तेवढी ओळ पुन्हा एकदा तपासली. पोच मिळाली आहे. उत्तराची वाट बघतोय.